पुतळीवरचं व्हेनिस

धाडच्या आमच्या घरात आता एकच पुतळी उरली आहे. आजीच्या गळ्यात अख्खी माळ होती. घरातलं प्रत्येक लग्न, खोदलेली प्रत्येक विहीर आणि पावसानं दगा दिलेलं प्रत्येक वर्ष त्या माळेतून दोन-चार पुतळ्या घेऊन गेलं. "पुतळी मोडू नको बाप्पा, घरची लक्ष्मी हाय ते," असं आजी आईला सांगायची, आणि अडचण दारात उभी राहिली की स्वतःच माळेचा दोरा सोडायला बसायची. शेवटची पुतळी आईनं कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिली, म्हणून ती वाचली.

त्या पुतळीकडे मी कित्येक वर्षं दागिना म्हणूनच पाहिलं. नाणी जमवायचा नाद लागल्यावर एकदा तिच्यावर भिंग धरलं. एका बाजूला दोन माणसं: एक उभा, दुसरा गुडघ्यावर, दोघांच्या मध्ये एक काठी. दुसऱ्या बाजूला लांबट वलयात उभी आकृती आणि तिच्याभोवती तारे. कडेनं अक्षरांसारखं काहीतरी. ती मोडी नव्हती, फारसी नव्हती, देवनागरी तर नव्हतीच. ती रोमन लिपीची नक्कल होती. ज्याला ती लिपी वाचता येत नव्हती अशा कुणा सोनारानं समोरचं नाणं बघत एकेक रेघ उतरवून घेतली होती.

समोरचं ते नाणं होतं व्हेनिसचं.

संत, डोजे आणि सोनार

व्हेनिसनं १२८४ साली सोन्याचा डकॅट पाडायला सुरुवात केली. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं शंभर नंबरी म्हणावं असं. त्यावरचा उभा माणूस म्हणजे त्या शहराचा रक्षक मानला गेलेला संत मार्क. गुडघ्यावर बसलेला तो व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख, म्हणजे डोजे. मधली काठी म्हणजे संताच्या हातून डोजेला मिळणाऱ्या ध्वजाची. मागच्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात येशू ख्रिस्त. पुढची पाचशे वर्षं डोजे बदलत गेले, कडेवरचं नाव बदलत गेलं. चित्र, वजन आणि कस मात्र तसाच राहिला. दूरच्या बाजारात अक्षरओळख नसलेला माणूसही चित्र पाहून ते नाणं निर्धास्त घ्यायचा.

इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनं हे सोनं सुरतेला आणि कोकणच्या बंदरांना येई. मिरी, कापड, नीळ तिकडे जाई. व्यापाऱ्यानं ते चलन म्हणून आणलं आणि आमच्या बायकांनी ते गळ्यात घातलं. त्यावरच्या बाहुल्यांसारख्या आकृत्यांमुळे त्याला पुतळी हे नाव पडलं. पेशवाईच्या हिशेबांत होन आणि मोहोर यांच्या शेजारी पुतळीही नाणं म्हणून येते. मागणी वाढली तेव्हा इथल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. आज सराफाकडे मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी किंवा राम-सीता असतात, पण त्या जागेवर आधी संत आणि डोजे बसून गेलेले आहेत.

शब्दांचाही असाच प्रवास झाला आहे. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाण्याचा ठसा. तोच शब्द व्हेनिसला पोहोचला आणि तिथल्या टांकसाळीला 'झेक्का' म्हणू लागले. तिथं पडणारं नाणं 'झेक्किनो' झालं. साड्यांवरच्या चमकत्या टिकल्यांना इंग्रजीत सिक्विन म्हणतात, तो शब्दही याच झेक्किनोपासून निघाला. आपला शिक्का आणि व्हेनिसची पुतळी एकाच घरातली आहेत.

हे नाणं पाडणाऱ्या गणराज्याचा शेवट नेपोलियननं केला. १७८९ साली निवडून आलेला लुदोविको मानिन हा शेवटचा डोजे. १७९७ च्या वसंतात सत्तावीस वर्षांच्या नेपोलियनची फौज व्हेनिसच्या दाराशी आली आणि १२ मे १७९७ रोजी तिथल्या महासभेनं स्वतःच स्वतःला विसर्जित करण्याचा ठराव केला. हजार वर्षांहून जुनं गणराज्य एका बैठकीत संपलं. ऑक्टोबरात काम्पो फोर्मिओच्या तहानं ते शहर ऑस्ट्रियाच्या पदरात पडलं. इकडे मराठी मुलखातल्या सोनारांनी मात्र संत मार्क आणि डोजे घडवणं सोडलं नाही. जे राज्य उरलं नव्हतं, त्याचं नाणं इथल्या बायका लेकी-सुनांना देत राहिल्या.

यादीतली संस्थानं

नाण्यांचा नाद मला लागला तो युरोपातल्या एका लिलावाच्या यादीमुळे. तिच्यात नेपोलियनच्या काळातल्या छोट्या युरोपीय संस्थानांच्या नाण्यांची चित्रं होती. नकाशावर नखाएवढीही जागा न व्यापणारी संस्थानं आणि त्यांची दोन-चार वर्षं टिकलेली नाणी.

इटलीतलं लुक्का हे शहर नेपोलियननं १८०५ साली आपल्या बहिणीला, एलिसाला दिलं. पिओम्बिनो तिच्याकडे आधीच आलं होतं. लुक्काच्या चांदीच्या पाच फ्रँकच्या नाण्यावर एलिसा आणि तिचा नवरा फेलिचे या दोघांचे चेहरे एकमेकांना लागून कोरलेले आहेत. १८०६ साली स्वित्झर्लंडलगतचं नेशातेल त्यानं आपला सेनापती बेर्तिए याला दिलं. बेर्तिएनं त्या मुलखात कधी पाऊलही ठेवलं नाही, पण तिथल्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. जर्मनीतला ईझेनबुर्गचा राजा नेपोलियनच्या ऱ्हाइन संघात सामील झाला आणि १८११ साली त्यानं आपल्या नावाचा थालर पाडला. चार वर्षांत त्याचं संस्थान नकाशावरून गेलं. आज तो थालर जगभरचे संग्राहक शोधत असतात.

ही नाणी दुर्मीळ का झाली, याचं उत्तर साधं आहे. ती थोडी पाडली गेली, थोडा काळ चालली आणि राज्य गेल्यावर वितळवली गेली. नव्या सत्तेला जुन्या राजाचा चेहरा बाजारात नको असतो, पण त्याची चांदी हवी असते. २८ मार्च १८०३ रोजी फ्रान्सनं कायदा करून पाच ग्रॅम चांदीचा फ्रँक पक्का केला, तेव्हापासून युरोपातल्या कितीतरी जुन्या नाण्यांची वाट भट्टीकडे वळली. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला जर्मनीत शंभराहून अधिक छोट्या राज्यांचं अस्तित्व एका ठरावानं पुसलं गेलं. त्यांत बिशपांची राज्यं होती आणि स्वतंत्र शहरंही होती.

ते वर्ष वाचताना मी थांबलो. १८०३ हे साल आमच्या भागातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

असईच्या वाटेवर

बुलढाण्याहून भोकरदनकडे निघालं की वऱ्हाडाच्या कडेवर धाड लागतं. पुढं जालना जिल्हा सुरू होतो, आणि तिथंच केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याची इथं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी गाठ पडली. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. त्या दिवशी मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या, पण दीड हजारांहून अधिक माणसं मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली, ती त्याच्या छोट्या फौजेतली.

शिंद्यांच्या कवायती पलटणींचा असईतला प्रमुख अँथनी पोलमन हा जर्मनीतल्या हॅनोवरचा. हॅनोवर तेव्हा इंग्लंडच्याच राजाच्या, तिसऱ्या जॉर्जच्या ताब्यातलं राज्य होतं, आणि त्याच उन्हाळ्यात फ्रेंच फौजेनं ते घेतलं. म्हणजे पोलमनचा मुलूख नेपोलियनच्या टाचेखाली असताना तो केळणेच्या काठी इंग्रजांवर तोफा डागत होता. या पलटणी मुळात उभारणारा बेन्वा द बॉइन हा सव्हॉयमधल्या शांबेरीचा. त्याचा मुलूख क्रांतीनंतरच्या फ्रान्सनं १७९२ सालीच गिळला होता. इथं मिळवलेली संपत्ती घेऊन तो गावी परतला आणि तिच्यातला मोठा वाटा त्यानं गावाला दिला. शांबेरीत १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं उभं राहिलं, ते आजही आहे. युरोपातल्या छोट्या राज्यांची माणसं अशी आमच्या शिवारापर्यंत आली होती, आणि त्यांचा पगार इथल्या रुपयांत होत होता.

असईनंतर बऱ्हाणपूर आणि अशीरगड पडले. नोव्हेंबरात अकोल्याकडच्या अडगावला लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड गेला. देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथं तह झाले. भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख निजामाला मिळाला. युरोपात आणि वऱ्हाडात नकाशे एकाच वर्षी बदलले, आणि दोन्हीकडे सीमा बदलली की खिशातल्या नाण्याची किंमतही बदलली.

आंधळ्या बादशहाचं नाव

युरोपातल्या त्या छोट्या राजांनी नाण्यांवर आपापला चेहरा छापला. आपल्याकडचं चित्र अगदी उलटं होतं. शिंदे, होळकर, भोसले, पेशवे, निजाम यांच्यात लढाया होत, पण रुपया बहुतेक सगळे दिल्लीच्या मोगल बादशहाच्या नावानं पाडत. त्या काळात दुसरा शाह आलम तख्तावर होता. १७८८ साली गुलाम कादिरनं त्याचे डोळे काढले आणि १८०३ मध्ये दिल्लीही कंपनीच्या हातात गेली. तरी पुण्यापासून बऱ्हाणपूरपर्यंतच्या रुपयांवर त्याचं नाव होतं, आणि १८०६ साली तो वारल्यानंतरही कितीतरी वर्षं ते पडत राहिलं. भोसल्यांनी कटकला पाडलेल्या रुपयांवर तर त्याच्याही आधीच्या अहमदशाहाचं नाव आहे. नाव बादशहाचं ठेवायचं आणि आपली ओळख एखाद्या छोट्या खुणेत, अशी ती रीत होती. पुण्याच्या रुपयावर अंकुश असे म्हणून तो अंकुशी. होळकरांच्या चांदवडचा तो चांदोरी. निजामाच्या मुलखातली एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची टांकसाळही याच परंपरेतली.

ही नाणी गोळा करणाऱ्यालाच त्यांची खरी गंमत कळते. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर एका रुपयावर कधीच उमटत नाही. एकावर 'जर्ब', म्हणजे 'पाडलं', हा शब्द येतो आणि पुढचं गावाचं नाव कडेबाहेर जातं. दुसऱ्यावर गाव अर्धं येतं, साल जातं. तिसऱ्यावर खूण येते, राजा जातो. दहा-वीस नाणी शेजारी ठेवली की एक ठसा पूर्ण वाचता येतो. म्हणून एकट्या नाण्याच्या शोधापेक्षा एकत्र सापडलेल्या साध्या, झिजलेल्या नाण्यांची थैली अभ्यासकाला मोलाची वाटते.

या काळातलं एक मराठी नाणं जगातल्या कुठल्याही संग्रहात मानाचं ठरेल: शके १७२८, म्हणजे १८०६-०७ मधला यशवंतराव होळकरांचा इंदूरचा नजराणा रुपया. त्यावर फारसी नाही, संस्कृत आहे. इंद्रप्रस्थाचा राजा हा पृथ्वीचा चक्रवर्ती आणि त्याच्या प्रसादानं ही मुद्रा लोकांत शोभते, असा त्याचा आशय आहे. कंपनीशी तह होऊन गेला होता, बादशहा कंपनीच्या पहाऱ्यात होता, आणि होळकर त्याचं सार्वभौमत्व संस्कृतात चांदीवर कोरत होते. त्याच वर्षी, ६ ऑगस्ट १८०६ रोजी, युरोपात पवित्र रोमन साम्राज्य संपलं. तिथं नावापुरता उरलेला सम्राट गेला. इथं नावापुरत्या उरलेल्या बादशहाचं नाव नाण्यानं धरून ठेवलं.

गरिबाच्या हातात मात्र रुपया क्वचितच असे. त्याच्याकडे शिवराई असे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं पेशवाई संपल्यानंतरही बाजारात चालत होतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. उत्तर काळातल्या शिवरायांवर अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा येतात, त्यांना दुदांडी म्हणतात. नांगराच्या फाळाला लागून वर येणारं नाणं अनेकदा हेच असतं.

हाली आणि कलदार

कंपनीनं १८३५ साली सगळ्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे एका तोळ्याचा, एकच रुपया ठरवला. तो कळीवर, म्हणजे यंत्रावर पडे, म्हणून त्याला कलदार म्हणत. अंकुशी, चांदोरी, बऱ्हाणपुरी असे वेगवेगळे रुपये सराफाच्या कट्ट्यावर बट्टा देऊन मोडले जाऊ लागले आणि हळूहळू भट्टीत गेले.

धाडसारख्या सीमेवरच्या गावांना मात्र दोन चलनांचा हिशेब पुढं शंभर वर्षं ठेवावा लागला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि भोकरदनचा भाग निजामाकडे राहिला. इकडे कलदार, तिकडे निजामाचा हाली सिक्का. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली रुपये पडत. बाजारहाट, सोयरीक, बैलांची खरेदी, सगळं या सीमेच्या आरपार चालत असे. त्यामुळे या पट्ट्यातल्या जुन्या डब्यांत राणीचा छाप आणि चारमिनार शेजारी-शेजारी निघतात. दोन राज्यांच्या मधोमध जगलेल्या गावाचा तो पुरावा आहे.

मूस

नाण्याचा शेवट मातीत होत नाही. मातीत ते दोन हजार वर्षं टिकतं. त्याचा शेवट सराफाच्या मुशीत होतो.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कुणी कुणाला हरवलं, हे त्या साठ्यानं सांगितलं. आमच्या विदर्भात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला. वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला आणि पुराणांतल्या वंशावळीत नसलेल्या सातवाहन राजांची नावं पुढं आली. तऱ्हाळ्याची नाणी शिसंमिश्रित धातूची होती. त्यांना बाजारभाव नव्हता, हे इतिहासाचं भाग्य. चांदी-सोन्याच्या साठ्यांना हे भाग्य क्वचितच लाभतं.

जी नाणी भट्टीतून वाचतात, त्यांतली कितीतरी अर्धी मेलेली असतात. ती फिरत्या विक्रेत्याच्या पिशवीतून शहरात जातात, तिथून लिलावात, आणि वाटेत त्यांचं गाव गळून पडतं. 'शाह आलम, रुपया, मराठा' एवढं वर्णन उरतं. धाडच्या शेतात सापडलेला बऱ्हाणपुरी रुपया धाड-बऱ्हाणपूर व्यवहाराबद्दल काही सांगतो. तोच रुपया गावाविना फक्त एक तोळा चांदी सांगतो.

नुकसान माझ्याही हातून झालं आहे. माझ्या पहिल्या शिवराया मी चिंचेनं घासून लखलखीत केल्या. तांब्यावर चढलेला तो हिरवा-तपकिरी थर दीडशे-दोनशे वर्षांचा होता. त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या. त्या शिवराया मी अजून ठेवल्या आहेत, नव्यानं नाद लागलेल्या पोरांना दाखवण्यासाठी.

कायदा आणि आपण

जमिनीत नाणी सापडली की गावात पहिली भीती पोलिसांची वाटते, आणि भीतीपोटी माणूस सराफाकडे धावतो. म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगतो. १८७८ चा निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्या धनाला मालक नाही असं ठरलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा तीन चतुर्थांश वाटा ज्याला ते सापडलं त्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ते संग्रहालयासाठी हवं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन घ्यावं लागतं. लपवणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होते. कायदा प्रामाणिक माणसाच्या बाजूचा आहे, हे गावागावांत कुणी सांगत नाही. शिवाय १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात, आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत.

अभ्यासाच्या वाटाही दूर नाहीत. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून फक्त नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरचा १९८९ चा ग्रंथ तिथूनच आला. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात नाण्यांचे संग्रह आहेत.

लुक्काचं, नेशातेलचं, ईझेनबुर्गचं नाणं माझ्याकडे नाही आणि ते घेण्याची ऐपतही नाही. त्याची खंत आता वाटत नाही. त्या नाण्यांवर प्रेम करणारी माणसं तिकडे पुष्कळ आहेत. प्रत्येक ठशाची नोंद झाली आहे, प्रत्येक सालाची यादी छापली आहे. आपल्याकडच्या त्याच वर्षांच्या नाण्यांचं असं कुणी केलेलं नाही, निदान धाडच्या पंचक्रोशीत तरी नाही. ते काम पैशाचं नाही, वहीचं आहे.

म्हणून या दिवाळीत एक विनंती. लक्ष्मीपूजनाला घरातली जुनी नाणी ताटात निघतील. ती घासू नका, चिंच-लिंबू लावू नका. कोमट पाण्यानं पुसा, सावलीत वाळवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करा आणि वहीत लिहा: कुणाचं, कुठल्या गावाहून आलं, कुठल्या शेतात सापडलं, कुणाच्या लग्नात मिळालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. मोडायची वेळ कुणावरही येते आणि मोडण्यात पाप नाही. पण मोडण्याआधी एवढं लिहून ठेवा.

आमची पुतळी परत करंड्यात ठेवली आहे. तिच्याबरोबर आता एक चिठ्ठी आहे: वजन, दोन्ही बाजूंचं वर्णन, आजीचं नाव, माहेरचं गाव. माळेतल्या बाकीच्या पुतळ्यांची अशी चिठ्ठी कुणी लिहिली नाही.